बाबांचा खर्रा, माझं कॉलेज

१ जुलै
बारावी सुरू. पुण्याला इंजिनीअरिंग करायचंच. पैसा कुठून येणार यावर सहा मिनिटं विचार केला आणि उत्तर बाबांच्या गालात सापडलं. सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला खर्रा, तीस रुपयांचा एक, दिवसाला दोन. म्हणजे माझं कॉलेज हा माणूस रोज नालीत थुंकतोय. बेसिन बघवत नाही. मौद्याच्या वीज केंद्रात कंत्राटावर वेल्डर आहेत, तिकडे काय अवस्था करून ठेवली असेल. शिसारी येते.

त्याच दिवशी, जेवणानंतर
प्रस्ताव मांडला. खर्रा बंद, रोजचे साठ रुपये बिस्किटाच्या डब्यात. डबा माझ्या टेबलावर, कारण फंड माझा. बदल्यात मी रोज चार तास अभ्यास करणार, रील्स बंद. आईला वाटलं बाबा भडकतील. त्यांनी खिशातली खर्र्याची पन्नी काढून डस्टबिनमध्ये टाकली आणि बरं म्हणाले. चार दिवस टिकेल.

५ जुलै
टिकलंय. संशयास्पद. बाबा हात चोळत बसतात, दीक्षावर (बहीण, नववी, आगाऊ) उगाच ओरडतात, आणि सारखी बडीशेप चावतात. कचकच आवाज. तोही किळसवाणाच. माझा अभ्यास सोमवारपासून. एक तारीख हुकली की सोमवार धरावा.

२ ऑगस्ट
डब्यात जवळपास दोन हजार. पैसा नुसता पडू देणं मागासलेपणाचं लक्षण आहे. सीताबर्डीला जाऊन बाराशेचे बूट घेतले. कॉलेजला बूट लागणारच, आणि पुढच्या वर्षी महाग होतील. घरी सांगितलं, मित्राचे आहेत. उगाच प्रश्न नकोत.

१९ ऑगस्ट
बाबांवर पाळत. घराच्या कोपऱ्यावरच्या गोविंदाच्या पानठेल्याजवळ चाळीस मिनिटं उभा होतो. तो खर्रा घोटत होता, मी नाकाला रुमाल लावला. बाबा बसमधून उतरले आणि रस्ता ओलांडून पलीकडून मान खाली घालून गेले. नक्की मला बघून. गोविंदाला विचारलं तर म्हणतो, दीड महिना झाला, तुझा बाप इकडे पाहतही नाही. तोही सामील. कुणावर विश्वास ठेवायचा? पाळत ठेवून भूक लागली म्हणून तर्री-पोहे खाल्ले, दोन प्लेट. फंडाच्या कामाचा खर्च फंडातूनच.

११ ऑक्टोबर
फिजिक्समध्ये पन्नासपैकी अकरा. कारण बडीशेपेची कचकच. ताबडतोब हेडफोन घेतले, सव्वादोन हजारांचे. शैक्षणिक साहित्य. दीक्षाने डबा उचलून पाहिला आणि विचारलं, "दादा, डबा हलका काहून लागून राहिला गा?" नोटा हलक्याच असतात, म्हटलं. या पिढीला विज्ञान येतच नाही.

२ डिसेंबर
पाच महिने झाले. रविवारी बाबांनी तीन वर्षांनी झणझणीत मटण रस्सा खाल्ला. पूर्वी खर्र्यामुळे तिखट लागलं की तोंडात आग व्हायची, आज झाली नाही म्हणे. आई पदराने डोळे पुसत होती. रश्श्यावर रडतात का कोणी? या घरातल्या भावुकपणाचा वीट आलाय. हेडफोन लावून झोपलो. जानेवारीपासून सहा तास अभ्यास.

१८ जानेवारी
प्रवेश परीक्षेचा फॉर्म आणि टेस्ट सिरीज, दोन्हीची फी आज भरायची होती. बाबांनी सुट्टी घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. नेट कॅफेत सोबत येतो म्हणाले. मी बेल्ट शोधत होतो, तेवढ्यात त्यांनीच डबा उघडला.
आत साठ रुपये होते. आज सकाळीच टाकलेले.

मी शांतपणे समजावलं. बूट, हेडफोन, पॉवर बँक, रोजचे तर्री-पोहे, मित्राच्या, म्हणजे विक्कीच्या, बर्थडेची वर्गणी, कारण कॉलेजात ओळखी लागतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. उत्तर तोंडपाठ होतं. ते एवढंच म्हणाले, "पैसे डब्यात जाऊन राहिले होते, म्हणून तर तोंडात टाकत नव्हतो गा मी."

मग ते साठ रुपये खिशात घातले आणि चप्पल सरकवली. आईने विचारलं, कुठे? ते जिना उतरले. मी गॅलरीतून पाहत होतो. या वेळी त्यांनी रस्ता ओलांडला नाही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकं जवळ होतं. मारली नाही.

फॉर्मची फी आई भिशीतून भरणार आहे, टेस्ट सिरीज नाही घेतली तरी चालतं. म्हणजे तसं नुकसान काहीच नाही.

बाबा परत आले तेव्हा गाल फुगलेला होता. बेसिनवर गेले, थुंकले. शिसारी आली. कुणाची, ते आज लिहीत नाही.