साडेसहाची खातरजमा

३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९
या नोंदींतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. मृत्यूनंतर देह अतिथंड अवस्थेत जतन करून पुढील शतकांतील वैद्यकाच्या हवाली करण्याचा, म्हणजेच क्रायॉनिक्सचा, माझा निर्णय निव्वळ तर्काने घेतलेला आहे. आपणही देह गोठवून घेणार असे जाहीर करणाऱ्या त्या चित्रपटनटाच्या मुलाखतीशी त्याचा संबंध नाही. मुलाखत शनिवारी प्रसिद्ध झाली, निर्णय रविवारी झाला. केवळ आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही, हे मी एकतीस वर्षे तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवले आहे.

५ नोव्हेंबर
परदेशी संस्थेचा फॉर्म. तेरा पाने. अकराव्या पानावर अडचण: आपला मृत्यू ज्याला तासाभरात कळेल अशा स्थानिक व्यक्तीचे नाव व सही. मुलगी हर्षाली बंगळुरात. शिवाय तिने फोनवर, "बाबा, आधी गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या, मग अमर व्हा," असे सुचवले. मुद्दा विषयाला धरून नव्हता. स्वयंपाकाच्या चंद्रभागाबाई दिवसाआड येतात, म्हणजे कमाल विलंब सत्तेचाळीस तास. बाद.

८ नोव्हेंबर
ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान. मागच्या खेपेस, 'अनुमानाच्या मर्यादा' या विषयाला, चार श्रोते होते. आज बासष्ट. समाजमन परिपक्व होत आहे. एकूण सात प्रश्न. पैकी सहा नटाविषयी. त्याला टोपासकट गोठवणार की टोप काढून, असे एका बाईंनी विचारले. सातवा प्रश्न धोंडीराम यांचा. अंबडच्या कारखान्यातून मेंटेनन्स फोरमन म्हणून निवृत्त. म्हणाले, "सर, आमच्याकडं मशीन पंधरा दिवस बंद राहिलं तरी चालू करताना घाम फुटायचा. तुम्ही दोनशे वर्षं बंद राहणार. मॅन्युअल कोणाकडं?" शिस्तबद्ध बुद्धी. अकराव्या पानासाठी योग्य.

११ नोव्हेंबर
धोंडीरामही फॉर्म भरणार. कारण विचारता म्हणाले, "एवढा मोठा माणूस करतोय म्हटल्यावर काहीतरी असंलच ना, सर." हेतू सदोष, निष्कर्ष ग्राह्य. एकमेकांच्या फॉर्मवर सह्या केल्या. कार्यपद्धती: रोज सकाळी साडेसहाला त्यांनी मला फोन करावा. एका फोनात दोघांची खातरजमा. मी न उचलल्यास त्यांनी संस्थेला कळवून बर्फ घेऊन निघावे. संभाषण एका मिनिटाहून अधिक नसावे, हे कलम माझे.

१९ नोव्हेंबर
आजचा फोन बावीस मिनिटे. कार्यपद्धतीचाच भाग. माझ्या मते बर्फाच्या तीन लाद्या लागतील. धोंडीराम म्हणाले, "वजन किती तुमचं? अठ्ठावन्न? मग दीड लय झाली. दोन आणू, उरलेल्या अर्धीत आशा सरबत करंल." आशाबाई त्यांच्या पत्नी, त्या मागून ओरडत होत्या की आधी दूध आणा, मग सरांना गोठवा. मी हसलो. फुप्फुसांना व्यायाम.

२७ नोव्हेंबर
चौतीस मिनिटे. विषय: त्यांच्या गुलाबावरचा मावा. संबंध अप्रत्यक्ष, परंतु आहे. हल्ली मी सहापासूनच फोनजवळ बसतो. केवळ खबरदारी. एका मिनिटाचे कलम तूर्त स्थगित.

२ डिसेंबर
नटाने खुलासा केला: तो सगळा प्रकार म्हणजे आगामी चित्रपटाची जाहिरात होती. संघाच्या बाकावरून मला "काय बर्फवाले सर, वितळले का?" असे विचारण्यात आले. कोणी माघार घेतल्याने युक्तिवाद कोसळत नाही, असे सांगितले. कोणी ऐकले नाही.

३ डिसेंबर
साडेसहाला फोन. धोंडीराम म्हणाले, "त्या गड्यानं लय फसवलं. घरात सगळे हसतात, सर. मी माझा फॉर्म फाडला. तुमच्यावरचंही माझं नाव काढा." मी दाखवून दिले की नटाचे मत हा पुरावा कधीच नव्हता. ते म्हणाले, "नसंल, सर. पण मी तर त्याच्यामुळंच आलो होतो." एक मिनिट दहा सेकंद.

५ डिसेंबर, सकाळी ७.१०
फोन नाही. अपेक्षितच.

९ डिसेंबर, सकाळी १०
फोन नाही. उपकरणात दोष असण्याची शक्यता तपासली पाहिजे. चंद्रभागाबाई आल्यावर त्यांना स्वयंपाकघरातून मिस्ड कॉल द्यायला लावला. रिंग व्यवस्थित वाजते. "कोणाचा यायचा आहे का, सर?" असे त्यांनी विचारले. नाही म्हणालो. त्यांनी आज न सांगता शिरा केला.

१२ डिसेंबर
संस्थेला ईमेल: अकराव्या पानावरील नाव बदलत आहे, नवे लवकरच कळवतो. तीन नावांची यादी करायला बसलो. यादी अपूर्ण.

१५ डिसेंबर, सकाळी ६.४०
आज साडेसहाला मीच फोन केला. उद्देश: त्यांचे नाव काढल्याचे रीतसर कळवणे. पहिल्याच रिंगला उचलला. "सर? काय झालं? येऊ का?" मी म्हणालो, काही झालेले नाही. "मग?" मागून आशाबाई विचारत होत्या, कोण आहे एवढ्या सकाळी. नाव काढल्याचे वाक्य तयार होते. ते निघाले नाही. राँग नंबर लागला, असे म्हणून मी फोन ठेवला.

माझ्याकडून एक चूक झाली, ती मान्य करतो. नंबर बरोबर होता.

शे. ना. गर्गे