नकाशातली भिंत

प्रिय बघूया,

या नावाने तुला हाक मारून बरीच वर्षं झाली. घटस्फोटानंतर तो हक्क राहिला नाही, पण दुसरं काही लिहायला हात वळेना. फोनवर तू जे मागितलंस त्यावर मी तेव्हा हो-नाही काहीच बोलले नाही. आधी घर बघून येते म्हटलं, आणि तू ऑफिसात असताना मुद्दाम जाऊन आले.

घर विकायला काढलंस ते ठीकच. बदली झाली म्हटल्यावर जावं लागणारच. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं होतं. मग त्यांच्या वकिलाने नकाशा उघडला आणि सगळं अडलं. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधली भिंत नकाशात आहे, घरात नाही. महापालिकेची परवानगी न घेताच पाडलेली. एकतर काम नियमित करून द्या, नाहीतर भिंत पुन्हा बांधून द्या, असं म्हणतात ते. घरावर अजून माझंही नाव आहे, त्यामुळे माझ्या सहीवाचून पान हलणार नाही. खरं सांगू, हे ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं.

कारण तीच ना ती भिंत. भर दुपारी दिवा लावून मी त्या स्वयंपाकघरात राबायचे. पलीकडे तुझे मित्र खो खो हसायचे आणि मी हात पुसत बाहेर येऊन विचारायचे, काय झालं हसायला. तोवर विनोद शिळा झालेला असायचा. मग कोणीतरी माझ्यासाठी तो पुन्हा सांगायचा आणि कोणीच हसायचं नाही. ही भिंत काढूया म्हणून मी तुझ्या किती मागे लागले असेन. तुझ्या मते कधी परवानगी मिळायची नाही, कधी वरचा मजला खचायचा, कधी शेजारी तक्रार करायचे. शेवटी भिंत राहिली आणि मी निघाले. आईला अजूनही वाटतं, आपल्यात काहीतरी फार मोठं बिनसलं असणार.

परवा दार तुझ्या बायकोने उघडलं. काहीतरी खोट काढायचीच, असं ठरवून मी गेले होते. आत पाऊल टाकलं. बैठकीतलं ऊन थेट ओट्यापर्यंत पोचलेलं. ती चहा टाकता टाकता माझ्याकडे बघून गप्पा मारत होती. अंगाचा असा तिळपापड झाला की चहात साखर होती की नव्हती, विचारशील तर सांगता यायचं नाही. माझ्यासाठी जी परवानगी कधी मिळणार नव्हती, ती हिच्यासाठी लागलीसुद्धा नाही. हिच्यात असं आहे तरी काय, म्हणून मी तिला निरखत बसले. साधीच आहे रे. केसही माझ्यापेक्षा पातळ. तेवढं मी नीट बघून घेतलं.

न राहवून विचारलं, त्याने हे एवढं मनावर कधी घेतलं? तर ती हसायला लागली. म्हणाली, तो कसला मनावर घेतोय, विचारलं की ‘बघूया’ म्हणायचा. मग तो बाहेरगावी गेल्यावर मी ओळखीच्या गवंड्याला बोलावलं, वर तुळई घालून घेतली आणि पहिला घाव मीच घातला. परवानगी काढायला हवी होती, ते चुकलंच माझं, पण त्याच्या भरवशावर राहिले असते तर म्हातारी झाले असते. तू परत आलास तेव्हा सूटकेस मांडीवर घेऊन धुळीत बसून राहिलास म्हणे. आणि पुढच्याच रविवारी मित्रांना सांगत होतास, मी भिंत काढून घेतली. आम्ही दोघीही हसलो. ती मनापासून, मी आपली तोंडदेखली.

परतताना वाटेत जळफळाट कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेला. तिला तू काही जास्तीचं दिलं असतंस तर तुला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण तू तिलाही तेच दिलंस जे मला दिलंस. त्यावर तिने हातोडा उचलला, मी कपड्यांची बॅग भरली. हे मला पचत नाहीये.

आता तुझं मागणं. महापालिकेचा इंजिनिअर पाहणीला येईल तेव्हा मी सांगायचं, भिंत माझ्या काळात, माझ्या हट्टाने पाडली. जुनं काम म्हटलं की लवकर सुटतं, असं कोणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. क्षणभर मोह झाला मला, नाही कशाला म्हणू. त्या उजेडावर माझं नाव लागलं असतं. तुझा हा बेत तिच्या कानावरही नव्हता. मी सांगितल्यावर ती म्हणाली, खुशाल माझं नाव सांगा. तेव्हा ऐक. काम नियमित करायच्या अर्जावर मी मालकीण म्हणून सही करीन. भिंत पुन्हा बांधायची गोष्ट काढलीस तर मात्र करणार नाही. आणि इंजिनिअरने विचारलं, हे कोणी केलं, तर मी तिच्याकडे बोट दाखवीन. तेव्हा तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. तिचा हेवा वाटतो मला, वाटत राहील. पण तिने केलेलं मी माझ्या नावावर खपवणार नाही, आणि तुलाही खपवू देणार नाही.

अजूनही तुझीच,
घराच्या कागदांपुरती