चुरा कुटक्यात मिसळायचा नाही

प्रिय बाबा,

आज चौथीला दशांश अपूर्णांक शिकवायला घेतले. तुमच्याच शाळेत, तुमच्याच जुन्या वर्गात. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आईनं दोनदा विचारलं, पण तिला काय सांगू? सांगायचं ते तुम्हाला होतं, आणि तुम्ही तर उन्हाळ्यातच गेलात.

दशमान पद्धत नवी आली तेव्हा मी चौथीत होते आणि तुम्ही आमचे गुरुजी. तोवर पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे तुमचं राज्य. पाव-अर्ध्याचे ते पाढे तुम्ही उलटेसुद्धा म्हणायचात. महागावच्या बाजारात माणसं तुम्हाला थांबवून हिशेब विचारायची. मग यवतमाळला शिबिर झालं. निम्म्या वयाच्या मास्तरांत बसून तुम्ही दशांश शिकून आलात. आल्यावर त्याबद्दल फारसं बोलला नाहीत. घाबरला होतात का हो?

थोड्याच दिवसांत तपासणीचे साहेब आले आणि वर्गात मागे खुर्ची टाकून बसले. तुम्ही फळ्यावर ०.१२ लिहिलं आणि त्याखाली ०.५ मांडलं, नेहमीच्या बेरजेसारखं उजवीकडून, दोनाखाली पाच. उत्तर लिहिलंत ०.१७.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "शून्य दशांश पाच म्हणजे अर्धा. अर्ध्यात आणखी मिळवलं, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?"

ते हसले. ते हसले म्हणून पोरंही हसली. पहिल्या रांगेत बसलेली मीही हसले, बाबा. तोंडावर हात ठेवून, पण हसले. तुम्ही वळून आमच्याकडे पाहिलंत आणि खडू खाली ठेवलात.

त्या संध्याकाळी मी तुमची वाट पाहत हेडमास्तरांच्या दाराशी उभी होते. ते म्हणत होते, "चुकते कोणाचंबी, गुरुजी. एवढं कायले मनावर घेता?"

"मी सुधरीन," तुम्ही म्हणालात, "पण तोवर हे पोरं चुकीचं शिकून पाचवीत जातीन. मले पहिली द्या."

मैत्रिणी म्हणू लागल्या, "सुमे, तुह्या बाबाले पहिलीत बसवलं." मी तुमच्यासोबत शाळेत जाणं सोडलं. दप्तर घेऊन नाल्याकडच्या वाटेनं एकटी जायची. एक दिवस तुम्ही त्याच वाटेवर उभे होतात.

"माही लाज वाटून राह्यली का तुले?"

"नाही."

"वाटली तं वाटू दे. मलेबी वाटते. पण पोराईले चुकीचं शिकवत राह्यलो असतो, तं याहून जास्त वाटली असती."

मी दप्तर सावरून पुढे निघाले. नंतर आपण दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

तुम्ही निवृत्त होईपर्यंत पहिलीलाच शिकवलंत. मला वाटायचं, धुळाक्षरं आणि एक ते शंभर, पहिलीत आणखी काय असणार? मी शिक्षिका झाले, याच शाळेत लागले, तरी कधी विचारलं नाही. तुम्ही तरी आपणहून का नाही सांगितलंत?

आजच्या चौथीत तुमची शेवटची पहिली बसली आहे. मी फळ्यावर तेच गणित घातलं. कुणीतरी ०.१७ लिहिणार, याची खात्रीच होती. शांता नावाची मुलगी उठली आणि तिनं ०.६२ लिहिलं.

"कसं केलंस गं?"

"गुरुजींनं पहिलीतच शिकवलं, बाई. कापसाच्या पऱ्हाटीची एक काडी मोडून दहा कुटके करायचे. एका कुटक्याचा पुन्हा दहा ठिकाणी चुरा. मग कुटके कुटक्यात, चुरा चुऱ्यात. चुरा कुटक्यात मिसळायचा नाही. आकडे नव्हते शिकवले, पण हे तसंच आहे ना?"

मी हो म्हणाले. तिला आणखी सांगायचं होतं. "गुरुजी सांगत, 'मी एकदा साहेबासमोर मिसळला होता, तं सारे पोरं हसले मले.'"

वर्गातली सगळी मुलं मायेनं हसली. सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. जी मी इतकी वर्षं कुणापुढे काढली नाही, ती तुम्ही दरवर्षी सहा-सहा वर्षांच्या लेकरांना सांगत होतात.

"पण म्हणत," शांता म्हणाली, "'माही सुमी तेवढी हसली नाही.' खरं ना, बाई?"

मी मान हलवली. हो, अशी.

बाबा, तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं का? मी तर अगदी तुमच्या समोर बसले होते. की दिसलं होतं, आणि तरी दर साली नव्या पोरांपुढे तुम्ही माझी लाज झाकत राहिलात? त्यापेक्षा एकदा रागावला असतात, तर बरं झालं असतं.

वचन देते. उद्या पहिल्याच तासाला शांताला आणि साऱ्या वर्गाला सांगेन, की गुरुजींनी तुम्हाला बाकी सगळं बरोबर शिकवलं. एवढं एकच चुकीचं सांगितलं. मीही हसले होते.

तुमची,
सुमी