छत्रीवाल्यांचं दार आणि राहिलेली भाऊबीज

नाशिक,
भाऊबीजेनंतरचा शनिवार, १९९९

ती. अक्काबाई वन्सं यांना एकुलत्या एका भावजयीचा, ज्योत्स्नाचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? त्र्यंबकला आता धुकं उतरायला लागलं असेल. सकाळी देवळात जाताना कानाला रुमाल बांधत जा (बांधणार नाही हे मला माहीत आहे, पण लिहिलं म्हणजे माझं कर्तव्य झालं). इकडे आम्ही खुशाल आहोत. निदान ह्यांची साखर आणि माझं ब्लडप्रेशर तरी खुशाल आहेत. वर्षभरात मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा नमस्काराच्या पुढे गेले नाही. त्याला कारण तुमचा धाक. लग्नानंतरचं माझं पहिलं पत्र तुम्ही शाळेतल्या वहीसारखं लाल पेन्सिलीनं तपासून परत धाडलं होतंत आणि खाली शेरा मारला होतात, 'कॉन्व्हेंटच्या मानाने बरे.' ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. तेव्हा हेही पेन्सिल घेऊन वाचा, पण फाडू नका, कारण विषय तुमच्या आवडीचा नाही. विषय टीव्ही गेम आहे.

मागच्या दिवाळीला योगेश मस्कतहून आला तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांना विरंगुळा म्हणून तो हे यंत्र घेऊन आला. (मी लोकरीची शाल सांगितली होती. आपली मुलं आपलं किती ऐकतात हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) कॅसेटवर सगळं जपानी की चिनी अक्षरांत, त्यामुळे गेमचं खरं नाव आजतागायत कळलेलं नाही. आम्ही त्याला छत्रीवाले म्हणतो. दोन बुटके प्रवासी असतात, एकाची छत्री लाल, दुसऱ्याची निळी. दोघांना दोन रिमोट. दोघांनी मिळून एक डोंगर चढायचा. छत्री उघडली की दरीवरून तरंगता येतं, मिटली की कुणाच्याही डोक्यात घालता येते. प्रत्येकाला तीन लाइफ. आता डोंगर चढायचा कशासाठी, वर आहे काय, हे त्या अक्षरांत कुठेतरी लिहिलेलं असणार, आणि ते वाचता येत नाही म्हणूनच मला त्याचा नाद लागला. बोर्डिंगमध्ये मी आठ वर्षं काढली, पण मदर सुपीरियरच्या खोलीचं दार कधी उघडं पाहिलं नाही. आत आरसा होता की नव्हता, हा प्रश्न मला आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही पडतो. बंद दारांच्या बाबतीत मी पहिल्यापासून अशीच आहे.

मागच्या भाऊबीजेला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण माझ्या बाजूनं एकदा लिहून काढते. तुम्ही सकाळच्या बसनं आलात, पाट मांडलात, रांगोळी काढलीत. नेमक्या त्या वेळी दोन्ही छत्रीवाले एका झुलत्या पुलावर होते. दोघांनी एकदम पाऊल टाकलं नाही तर तो पूल तुटतो. हे पाटावर बसले ते रिमोट हातात घेऊनच. रिमोटची वायर टीव्हीपासून पाटापर्यंत ताणलेली होती आणि तुम्ही तबक घेऊन ती ओलांडून आलात. कुंकू लावलंत, ह्यांनी कपाळ पुढे केलं, डोळे टीव्हीवर. सुपारी-अंगठी ओवाळलीत, डोळे टीव्हीवर. निरांजनाची ज्योत मध्ये आली तेव्हा मान वाकडी करून ज्योतीच्या कडेनं पाहिलं. करंजी भरवलीत तर तोंड उघडलं आणि करंजी तोंडात असतानाच म्हणाले, "हं, आता." तुम्ही तबक खाली ठेवलंत.

"रंगा, चाळीस वर्षं मी येते ती तुझं कपाळ बघायला नाही."

एवढंच बोललात. जेवला नाहीत. बाराच्या बसनं गेलात. गणपतीत आला नाहीत, मामंजींच्या श्राद्धाला आला नाहीत. पूल तुटला तो तुटलाच (हे तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण वस्तुस्थिती आहे). चूक कुणाची म्हणाल तर वेळेची. तुमची बस दहा मिनिटं उशिरा आली असती तर काही झालं नसतं.

त्या दिवसापासून ह्यांनी गेमला हात लावलेला नाही. निळ्या छत्रीच्या रिमोटची वायर गुंडाळली, रबर लावलं आणि तो कपाटात स्वेटरखाली ठेवून दिला. मी विचारलं तर डोळ्यांना त्रास होतो म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून डोळे उत्तम असल्याचं सांगितलं, तर हे त्या डॉक्टरांवरच रुसले. मी मात्र खेळत राहिले (एकटीनं खेळलं की निळा छत्रीवाला आपोआप लाल छत्रीवाल्याच्या पावलावर पाऊल टाकत येतो, पुलावरसुद्धा). रोज दुपारी, जेवणं आटोपल्यावर, दीड तास. पहिल्यांदा वाटलं होतं की आठ दिवसांत कंटाळा येईल. पण वन्सं, तुम्ही एकदा त्या डोंगराकडे नीट बघायला हवं होतं. चौथ्या कड्यावर एका खडकामागे छोटासा ढग आहे. त्याचा काही उपयोग नाही. त्यावर चढता येत नाही, त्यातून काही पडत नाही, आणि मुद्दाम उलटं चालत गेल्याशिवाय तो दिसतही नाही. कुणी काढला असेल तो? माझ्या डोळ्यांपुढे एक जपानी माणूस येतो, जेवणाच्या सुट्टीत साहेबाची नजर चुकवून खडकामागे ढग काढणारा. मी त्या ढगापाशी जाऊन कधीकधी नुसती उभी राहते. सिस्टर लोक दुपारी चॅपलमध्ये बसवायच्या तेव्हा असंच शांत वाटायचं.

आषाढ आला. दर वर्षी तुम्ही मला विचारता, चातुर्मासाचा नेम काय? (आणि मी वांगं सोडलं म्हटलं की म्हणता, तुला वांगं कुठं आवडतं.) ह्या वर्षी विचारायला तुम्ही नव्हता, म्हणून मीच कडक नेम घेतला: चार महिने छत्री कुणाच्या डोक्यात घालायची नाही. नेम लागण्याआधी कांदेनवमीला आपण घरातले कांदे संपवतो ना, त्याच न्यायानं मी सकाळी कांद्याची भजी केली आणि दुपारी डोंगरावरची कासवं, वटवाघळं, काटेरी डुकरं, सगळी साफ केली. एकही ठेवलं नाही. हात दुखेपर्यंत मारलं. एकादशीला यंत्र लावलं तर सगळी पुन्हा जागच्या जागी हजर. (कांद्याचं असं झालं असतं तर नामपूरचा बाजार बसला असता.) मग माझी फार पंचाईत झाली. मारायचं नाही म्हटल्यावर पळायचं, आणि पळताना दरीत पडायचं. श्रावणात एकही दिवस मी दुसऱ्या कड्यापुढे गेले नाही.

मार्ग काढला तो गोजराबाईनं. आमच्याकडे भांड्याला येते ती, सिन्नरकडची. दुपारची भांडी घासून झाली की पदराला हात पुसत दारात बसायची आणि माझं मरण बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"बाई, ते कासव मारकं नाय. तुम्ही पळता म्हणून मागं येतं. उगी उभ्या राहा. आमचा बोकडबी असाच हाय."

उभी राहिले. कासव आलं, लाल छत्रीवाल्याकडे बघितलं, आणि वळून गेलं. वटवाघूळ डोक्यावरून एक फेरी मारून पुन्हा उलटं लटकलं. काटेरी डुक्कर तर चक्क झोपलं. त्याच्या नाकातून फुगा निघतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. वन्सं, आठ-नऊ महिने मी ज्यांच्या डोक्यात छत्र्या घालत होते त्यांना माझ्याशी काही घेणंच नव्हतं. त्यांची ती रोजची जाण्यायेण्याची वाट होती, आणि वाटेत मी होते. गोजराबाईला ह्यात काही नवल वाटलं नाही. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

असं करत नवरात्रात मी डोंगराच्या माथ्यावर पोचले. माथ्यावर एक दार आहे. दारापुढे दोन दगड, एक लाल, एक निळा. लाल दगडावर मी उभी राहिले तर दार वीतभर सरकलं आणि थांबलं. फटीतून उजेड दिसतो. पिवळसर उजेड, आणि काहीतरी हलतं. निळ्या दगडावर कुणी उभं राहिल्याशिवाय पुढे काही नाही, आणि तिथे निळा छत्रीवाला आपणहून जात नाही. मी कपाटातून दुसरा रिमोट काढला आणि तो पायाच्या अंगठ्यानं चालवून पाहिला. वाताची कळ आली. गोजराबाईच्या हातात दिला तर ती निळ्या छत्रीवाल्याला घेऊन उलटी खाली निघाली आणि पुढे आठ दिवस रिमोटकडे बघेना. शेवटी त्याच्या बटणावर वरवंटा ठेवला. निळा छत्रीवाला सरळ चालत गेला, दगड ओलांडला, आणि डोंगराच्या पलीकडे पडला. वरवंट्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. आमच्या ह्यांना कळतं, पण हे येत नाहीत.

आता मुद्द्याचं लिहिते. ह्या भाऊबीजेला तुमचे बंधू पहाटे उठून अंघोळ करून, दाढी करून, नवा सदरा घालून बसले. मी पाट मांडला नाही, त्यांनी मांड म्हटलं नाही. नऊ वाजता म्हणाले, घड्याळाचा सेल संपलाय, सीबीएसवरून घेऊन येतो. तासाभरानं सेल घेऊन आले. साडेअकराला पुन्हा गेले, पुन्हा सेल. दुपारी तिसऱ्यांदा. घड्याळ एक, त्याला सेल एक, आणि आमच्या दाराखाली सेल विकणारी दोन दुकानं आहेत. सीबीएसवर काय लागतं ते मी तुम्हाला सांगायला नको. त्र्यंबकची बस लागते.

संध्याकाळी त्यांनी सदऱ्याची घडी घातली आणि तो इस्त्रीसकट परत कपाटात ठेवला. हे पत्र त्यांच्या नकळत लिहिते आहे. त्यांना कळलं तर 'तिला कशाला त्रास' म्हणतील. तुम्हाला राग यायला हवा होता आणि आला, त्यात गैर काही नाही. पण आमच्या गोजराबाईंचं म्हणणं आहे की तुळशीचं लग्न लागेपर्यंत भाऊबीज ओवाळली तरी चालते. तुमच्या पंचांगात काय म्हटलं आहे ते मला ठाऊक नाही. तुम्हीच बघा, आणि सोयीचं असेल तेवढंच बघा.

गुडघ्याला तेल लावा. चुका दुरुस्त करून कळवाव्यात.

तुमची,
ज्योत्स्ना

ता. क. वर मी चूक वेळेची म्हणून लिहिलं ते वाचून पाहिलं. खोटं आहे. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की शनिवारी कबूल करायला लावत, आणि आज शनिवार आहे. पुलावर ह्यांच्याबरोबरची लाल छत्री माझी होती, आणि माझी शेवटची लाइफ उरली होती. तुम्ही तबक घेऊन आलात तेव्हा हे रिमोट खाली ठेवत होते. मीच दात आवळून कुजबुजले, "मान वर केलीत तर मी मेले." त्यांनी बायकोचं ऐकलं. वर्षभर तुमचा राग त्यांनी एकट्यानं घेतला आणि माझं नाव एकदाही सांगितलं नाही. मीही नाही.

ता. क. २. ओवाळून झाल्यावर तुम्ही त्यांना 'खेळ' म्हणालात तर ते खेळतील. माझ्या सांगण्यानं खेळणार नाहीत. दारामागे काय हलतं आहे ते मला एकदा बघायचं आहे. नेम मोडणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे आले. पत्ता वाचला. मी म्हटलं, टपालात टाकून या. म्हणाले, "टपाल कशाला? भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं असतं. चाळीस वर्षं उलटंच केलं आपण." तोच सदरा पुन्हा काढून घातला आहे. तेव्हा हे तुम्ही वाचत असाल तेव्हा ते तुमच्या ओट्यावर उभे असतील. आत काय लिहिलं आहे ते त्यांना माहीत नाही. त्यांच्या पिशवीत तुपाची डबी आणि करंज्या आहेत. आधी पाट मांडा. आणि ओवाळताना ह्या वेळीही त्यांनी मान वर केली नाही, तर दोष माझा नाही आणि गेमचाही नाही. थोडा वेळ द्या त्यांना.