गीतूला चालवायचा कार्यक्रम

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८
नांदेडचा दवाखाना. सोमवारी गीतूच्या हृदयाचं छिद्र बुजवलं, आज पोरगी आयसीयूतून वॉर्डात आली. वय पाच. डॉक्टर म्हणाले, आजपासून चालवायचं, नाहीतर कफ साचून न्यूमोनिया होतो. म्हणालो, सर, बिनघोर राहा, बावीस वर्षं झाली भोकरच्या शाळेत पीटी घेऊन राहिलो. वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. आज दहा पावलं, उद्या पन्नास, शनिवारी अख्खा कॉरिडॉर, रविवारी डिस्चार्ज. बायकोला, राजकन्याला, बजावलं की तू आई, तुझं काळीज कच्चं, तू यात पडू नको.

सायंकाळी ६
पावलं शून्य. जागाच अपुरी. उद्या भरून काढू.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
शिट्टी नेली. एकदाच फुंकली. सिस्टरनं जप्त केली! हयातभर मी पोरांच्या शिट्ट्या जप्त केल्या, माझी घ्यायची कुणाची हिंमत झाली न्हवती. गीतू पलंगावरून उतरली, दोन पावलं टाकली अन् माघारी जाऊन बसली. हट्टी. आईवर गेली. राजकन्या म्हणते, तुम्हीच ओरडलात, खाली बैस म्हणून. मी? काहीतरीच.

शनिवार, ८ फेब्रुवारी
अंगात ताप, शंभर. एक्सरेत डाव्या बाजूला कफ. डॉक्टर माझ्यावरच चिडले, म्हणे दोन दिवस काय केलं. वेळापत्रक दाखवलं. बघितलंसुद्धा न्हाई.

दुपारी भोकरहून जीप भरून लोक भेटायला. नऊ जण. माझी आई माहूरचा अंगारा घेऊन. सगळ्यांचं एकच, लेकराला हलवू नका, टाके उसवतील. लई तापलो. मोठ्यानं सुनावलं, अडाणीपणा सोडा, सायन्स म्हणतंय चालवा! तेवढ्यात गीतू आपण होऊन उठली. फ्रॉकच्या गळ्यातून छातीवरची पट्टी दिसली. माझ्या तोंडून निघून गेलं, अगं बैस, बैस, टाके! बसली. नऊच्या नऊ माझ्याकडं बघून राहिले. आई म्हणाली, बरोबर बोललास देविदासा.

रविवार, ९ फेब्रुवारी
डिस्चार्ज न्हाई. ताप हायच. ठरवलं, आज तोंड उघडायचं न्हाई. पाळलं! नुसते दोन्ही हात पसरून तिच्यापुढं उलटा उलटा सरकत राहिलो. तिसऱ्या पावलाला तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं अन् भोकाड पसरलं. माझ्या तोंडाला काय झालंय? रोजचंच हाय. सिस्टर राजकन्याला बाजूला घेऊन कायतरी बोलली. असंल बायकांचं काही.

सोमवार, १० फेब्रुवारी, दुपारी १२
डॉक्टरांचा हुकूम आला, पोरीच्या वडलांनी वॉर्डाबाहेर थांबायचं. मी विरोध केला. बाप आहे म्हणालो. सिस्टरनं दार लावून घेतलं.

वीस मिनिटांनी राजकन्या बाहेर आली. डोळे भरलेले. म्हणाली, चालली हो, खिडकीपर्यंत गेली अन् परत आली, खोकलीसुद्धा, कफ सुटला.

आत पळालो. म्हणालो, गीतू, पप्पाला दाखव की एकदा. ती म्हणाली, न्हाई पप्पा, तुमचं तोंड बघितलं की वाटतं मी मरून राहिले. तुम्ही बाहेर जा, मग चालते.

गेलो. दार लोटलं अन् भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. आतून तिच्या चपलांचा आवाज यायला लागला. मोजत होतो. सतराव्या पावलाला मला रडू फुटलं, पुढचं मोजताच आलं न्हाई.