घमेल्यातला भुसा

अहो,

जेवायला आलात की आधी हे वाचा. गॅरेजमधला कुलंटचा डबा घेऊन लगेच बीडला सरकारी दवाखान्यात या, डॉक्टरांना दाखवायचा हाय. मी नंदिनीला घेऊन निघाले. फोन तीनदा लावला, तुमी उचलला न्हाई. भावजी रिक्षा काढतायत तोवर लिहितेय.

भुरी मांजर चार दिवस घमेलं सोडून आपल्या गादीवर मुतत होती. तुमी चिडता म्हणून मी तिला धरून धरून घमेल्यात बसवलं, मारलं बी. आज ती सकाळपासून नुसती ओकतीय. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. घमेल्यातला भुसा हुंगून ते म्हणले, हा कुठला? मी म्हणले, यांनी गॅरेजमधून आणला, गाडीच्या इंजिनाचं सांडलेलं कुलंट टिपलेला, वाया कशाला घालवायचा म्हणून. ते म्हणले, कुलंट म्हणजे गोड विष, पायाला लागलं की मांजर पाय चाटतं.

भुरीला न्हाणीत ठेवलंय. तिच्यावर हात उचलू नका.

मला लई भ्या वाटतंय. मागं वळून बघितलं तर नंदिनी त्याच भुशाचा भात करून भातुकली खेळत होती. तोंडाला भुसा लागलेला. खाल्लास का विचारलं, तर म्हणली, आई, गोड हाय.