एका सेदीला एक डॉलर

कुमासी,
६ जुलै २००७

चि. क्वाबेनास, सेरवाताईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू सोयीस्कर बहिरा होतोस, म्हणून पत्र. सरकारनं आपल्या सेदीची चार शून्यं छाटली, जुन्या दहा हजारांची नवी एक केली, हे कळलंच असेल. गेल्या आठवड्यात डॉलरला नऊ हजार तीनशे सेदी पडत होत्या, या आठवड्यात पुरती एकसुद्धा लागत नाही! सेदी डॉलरहून वरचढ! बाजारात नुसता धुमाकूळ आहे. टोमॅटोवाली जुन्या पैशांत भाव सांगते, गिऱ्हाईक नव्यात ऐकतं, आणि दोघं हसत सुटतात.

आता मुद्द्याचं. १९९२ साली तू अमेरिकेला निघालास, तेव्हा डॉलर चारशेच्या वर होता. पोकुआनं परत कधी येणार विचारलं, तर बसच्या पायरीवरून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं तू ओरडलास, की एका सेदीला एक डॉलर मिळू लागला की येतो आणि तुझ्याशी लग्न करतो. सगळे पोट धरून हसले. पोकुआही हसली, तीन वर्षं थांबली आणि दुसरीकडे लग्न करून मोकळी झाली. तिचा नवरा वारला त्यालाही सहा वर्षं झाली. बँकेच्या खिडकीत नव्या नोटा तीच देते. काल माझ्या हातावर नोट ठेवून हसत म्हणाली, की भावाला कळवा, वेळ झाली.

थट्टाच केली तिनं. पण एका हेडमास्तरांनी तिला मागणी घातली आहे आणि नाताळपर्यंत ती उत्तर देणार आहे. घटस्फोटापासून तू एकटा डब्यातले मासे खातोस, हे मला ठाऊक आहे.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते उत्तर पाहून ठरवीन.

तुझी ताई,
सेरवा

कोलंबस,
२४ जुलै २००७

ती. सेरवाताईस शि. सा. नमस्कार.

ही शुद्ध लबाडी आहे! शून्यं छाटून कुणी मोठं होतं का? मग माझंही एक छाट, चाळिसाचा चार होतो आणि शाळेत जातो. इथं फ्रीज दुरुस्तीचं माझं बरं चाललं आहे. थट्टेतला शब्द पंधरा वर्षांनी वसूल करायचा नसतो.

ता. क. पोकुआ हसली ती तोंडावर हात ठेवून, की मान मागे टाकून? सविस्तर कळव.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
क्वाबेना

कुमासी,
१६ ऑगस्ट २००७

श्री. क्वाबेना यांस स. न. वि. वि.

तुमचं पत्र ताईंनी मला तीनदा वाचून दाखवलं, त्यातलं एकदा चर्चमध्ये. मान मागे टाकूनच हसले. शेजारच्या खिडकीतला कारकून दचकून उभा राहिला.

शून्यांचं म्हणाल, तर दिवसभर मी लोकांना तेच समजावते, की शून्यं गेली तरी मोल तेवढंच. शब्दाचंही मी तसंच धरते. हेडमास्तर भले गृहस्थ आहेत, वेळेवर येतात. मीही कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसले नव्हते. संसार केला, माणूस पुरला. तेव्हा सेदीसाठी येणार असलात तर येऊ नका.

'अहो' लिहिताना हात अडखळतोय, जाऊ दे. यायचं तर माझ्यासाठी ये, क्वाबेना.

लोभाचं प्रत्यक्ष भेटीत बघू.

पोकुआ

कोलंबस,
४ सप्टेंबर २००७

ती. सेरवाताईस शि. सा. नमस्कार.

तिकीट काढलं. अकरा नोव्हेंबर. यायचंच काढलं आहे, परतीचं नाही. दुकान सहकाऱ्याला दिलं. शेंगदाण्याचं कालवण आणि फुफूचे गोळे तयार ठेव. पोकुआला सांग, मी टकला झालोय. नको, सांगू नकोस!

लोभ दुप्पट करावास.

घाबरलेला,
क्वाबेना

सुन्यानी,
१९ ऑगस्ट २००८

ती. सेरवाताईस आम्हा दोघांचे शि. सा. नमस्कार.

लग्नानंतर पोकुआची या गावी झालेली बदली आम्हाला मानवली. तिची बँक आणि माझं फ्रीजचं दुकान एकाच रस्त्यावर आहे. दुपारी ती येते, माझ्या ताटातला मासा उचलते आणि मीठ कमी आहे म्हणते.

काल एक गिऱ्हाईक हळहळत सांगत होतं, की डॉलर पुन्हा सेदीच्या वर गेला, केव्हाच. मला पत्ताच नव्हता! ताई, आता कबूल करतो. कोलंबसला पंधरा वर्षं, लग्नाची चार धरून, रोज सकाळी चहाच्या आधी मी सेदीचा भाव बघत होतो. हजार झाला, चार हजार झाला, नऊ हजार झाला, तरी बघत होतो. आल्यापासून एकदाही बघितलेला नाही.

हे पोकुआला कळू देऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण ती मागे उभी राहून वाचते आहे, आणि मान मागे टाकून

तुझा,
क्वाबेना